छंदाचं विमान कुणाच्या पैशावर उडतं?

मागच्या दिवाळीत मी आणि बाबा बाइकवरून चंद्रपूरला परत येत होतो. नागपूर रस्त्यावर मोरव्याजवळ आलो, तेव्हा डोक्यावरून एक छोटं विमान गेलं. पंख वर, एकच इंजिन, आवाज जुन्या ट्रॅक्टरसारखा. मोरव्याला धावपट्टी आहे हे चंद्रपूरकरांना माहीत असतं, पण तिथे मंत्री उतरतात एवढंच. मध्यंतरी नागपूर फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण मोरव्याला आणायचं ठरलं, तेव्हापासून या पट्टीचं नाव पेपरात जरा वेगळ्या कारणाने यायला लागलं.

मी बाइक बाजूला घेतली आणि विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिलो. लांबवर थर्मल पॉवर स्टेशनच्या चिमण्या होत्या. बाबांनी त्या पॉवर स्टेशनमध्ये पूर्ण नोकरी केली.

"बाबा, मला शिकायचंय हे," मी म्हणालो.

"कंपनी सोडतेस का?"

"नाही हो. छंद म्हणून. रविवारी."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी बसलो होतो अशा इमानात. कॉलेजात. एनसीसीच्या एअर विंगमधे. वीस मिनिटं. पैसा एक लागला नव्हता."

अठ्ठावीस वर्षांत हे मला पहिल्यांदा कळत होतं. बाबा ब्रह्मपुरीकडच्या खेड्यातून नागपूरला शिकायला गेलेले, खोलीवर स्टोव्हवर भात करून खाणारे. त्यांच्या खिशात तेव्हा एसटीचे पैसे मोजून असायचे. आणि मी, पुण्यात बऱ्या पगाराची नोकरी करणारा, अजून विमानात बसलोय ते तिकीट काढून, खिडकीची सीट मिळाली तर.

मी कोडिंग करतो, त्यामुळे कुठलीही इच्छा झाली की आधी शीट उघडतो. शीट असं सांगत होतं: खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे पीपीएलसाठी, निदान ४० तास उडावं लागतं. दहावी पास आणि वय १७ पूर्ण हवं. शिवाय हवाई नियम, दिशाज्ञान, हवामान अशा लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी. मी दोन-तीन प्रशिक्षण संस्थांना फोन केले. मला सांगितलेले दर तासाला १२ ते १५ हजारांच्या घरात होते. १३ हजार धरले तर ४० तासांचे ५ लाख २० हजार. राहणं, खाणं, रजा, परीक्षा वेगळं. माझ्या हातात पडणाऱ्या पगाराचा सातवा हिस्सा एका तासात धूर होऊन जाणार. आणि परवाना मिळाला म्हणजे संपलं नाही, तो टिकवायला उडत राहावं लागतं.

पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागली. प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न एकच होता: "सीपीएल ना?" सीपीएल म्हणजे व्यावसायिक परवाना, २०० तासांचा. मी "नाही, फक्त छंद" म्हटलं की समोरचा आवाज एकदम थंड व्हायचा. एका ठिकाणी तर मला सरळ विचारलं, "मग करणार काय त्याचं?"

बाबांना कुणी असं विचारलं नव्हतं. मग त्यांचे पैसे कोण भरत होतं? मी शीट बंद केलं आणि वाचायला लागलो.

गोष्ट इंग्लंडमधून सुरू होते. १९२५ मध्ये तिथल्या हवाई खात्याने हलक्या विमानांचे क्लब काढायला पैसे आणि विमानं द्यायला सुरुवात केली. सरकारला अचानक लोकांच्या छंदाचं प्रेम आलं नव्हतं. पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं, पुढच्या युद्धात पायलट लागणार होते, आणि हवाई दलात हजारो माणसं पगारावर पोसण्यापेक्षा त्यांना रविवारी स्वखुशीने शिकू देणं स्वस्त होतं. सभासदाने थोडे द्यायचे, उरलेले सरकारने. या हिशोबातूनच लंडनच्या एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करणारी एमी जॉन्सन विमान शिकू शकली. पुढे तिने ६०० पौंडांना एक जुनं जिप्सी मॉथ घेतलं, तेही वडिलांच्या आणि एका तेलवाल्या लॉर्डच्या मदतीने, आणि मे १९३० मध्ये एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला उडत गेली. वाटेत इंधन संपत आलं म्हणून तिला झाशीला उतरावं लागलं होतं.

तेच मॉडेल भारतात आलं. १९२७ मध्ये नागरी हवाई वाहतुकीचं खातं निघालं आणि १९२८ च्या सुमाराला दिल्ली, कराची, कलकत्ता आणि मुंबई इथे सरकारी मदतीचे फ्लाइंग क्लब उभे राहिले. मुंबईचा क्लब जुहूला. १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो इथे शिकून. पुढे आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं: इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला. तेव्हा रुपया १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला होता, म्हणजे साधारण ६,६६७ रुपये. एमीचं विमान याच दराने ८ हजारांचं. बक्षीस जिंकूनही विमान येणार नाही, असा तो खेळ.

बक्षीस जेआरडींना मिळालं नाही. ते कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते आणि १७ वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. जेआरडींनी त्याला प्लग दिले, अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला, आणि पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. ही गोष्ट खिलाडूपणाची म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि आहेच ती तशी. पण मला त्यात दुसरंच दिसतं. सरकारने क्लबमध्ये जे पेरलं त्यातून एक विमान कंपनी उगवली आणि एक हवाई दलप्रमुख. इतका परतावा कुठल्या योजनेला मिळतो? दुसरं महायुद्ध लागल्यावर तर या क्लबांना हवाई दलाच्या राखीव पायलटांच्या प्राथमिक शिक्षणाला थेट जुंपलं गेलं. छंदाचं बिल वसूल झालं.

(इथे कुणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव काढणारच. १८९५, चौपाटी, राइट बंधूंच्या आधी. आमच्या फॅमिली ग्रुपवर वर्षातून दोनदा येतं. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही, आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार देतात त्यातली विमानं उडू शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं. मराठी माणसाचं विमान हवं असेल तर खरं आहे, त्याच्याकडेच येतोय.)

त्या माणसाचं नाव विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८. मुंबईत शिकून ते जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे गेले. आज जगात कुठेही विमानाच्या पंखाचं गणित शिकवताना प्रांटलचं नाव घ्यावंच लागतं. त्या माणसाच्या हाताखाली घाटग्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली, तिथे घाटगे गेले. १९५१ मध्ये त्यांचं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडालं, हवाई दलासाठी. आणि सप्टेंबर १९५८ मध्ये उडालं ते पुष्पक.

पुष्पकबद्दल मी जितकं वाचलं तितका त्याच्या प्रेमात पडलो. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील एवढंच. ९० हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे आज आपल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या हॅचबॅकइतकी ताकद. नळ्यांचा सांगाडा, वरून कापड. पुराणातल्या पुष्पकात कितीही जण बसले तरी एक जागा रिकामी राहते म्हणतात; यात तिसरा बसला तर उडणारच नाही. ते भारी दिसण्यासाठी बनवलेलं नव्हतंच. ते बनवलेलं होतं देशातल्या फ्लाइंग क्लबांसाठी, नवशिक्याने आदळलं तरी दुरुस्त व्हावं म्हणून. दीडशेच्या आसपास पुष्पक बनले. क्लबांना सरकारी अनुदान होतं, आणि एनसीसीच्या मुलांना तर उडणं फुकट. नवीन देशाला पायलट हवे होते, म्हणून सरकार पुन्हा तोच जुना हिशोब करत होतं.

मी बाबांना विचारलं, विमान कोणतं होतं? नाव आठवेना. म्हणाले, "पंख वर होते. दोनच सीटा. आन् कपडा होता त्याले. मी बोटानं वाजवून पाह्यला, ढोलकीवानी वाजे."

त्या काळातल्या विदर्भाकडे बघितलं तर आणखी गंमत आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री डाकोटा निघायचे, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायचे, टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत. म्हणजे अख्ख्या देशाची पत्रं आमच्या डोक्यावरून जायची. खाली झाडीपट्टीत तेव्हा बैलबंडीचे रस्ते होते.

मग हे सगळं गेलं कुठे?

एका दिवसात गेलं नाही. पुष्पक म्हातारे झाले, सुटे भाग मिळेनात, अनुदान आटलं, क्लब कागदोपत्री उरले. अमेरिकेतही घसरण झाली, पण कारण वेगळं होतं. तिथे १९७८ या एका वर्षात १७,८११ छोटी विमानं विकली गेली होती. १९९४ मध्ये ९२८. अपघातांचे खटले आणि विम्याचे हप्ते इतके वाढले की सेस्नाने १९८६ मध्ये छोटी पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं होतं. पण त्यांच्याकडे जुन्या विमानांचा ढीग उरला. सेस्ना १५० आणि १५२ मिळून ३० हजारांवर बनले होते. म्हणून आजही तिथला एखादा शाळामास्तर तिघा मित्रांत मिळून जुनं विमान घेऊ शकतो. आपल्याकडे ढीगच नव्हता.

आणि आपल्याकडे त्याच सुमाराला दुसरी गोष्ट घडली. १९९४ मध्ये खासगी विमान कंपन्यांना रस्ता मोकळा झाला, २००३ मध्ये एअर डेक्कन आली, पायलट ही चांगल्या पगाराची नोकरी झाली. आता पायलट तयार करायचा खर्च सरकारने का करावा? आईवडील कर्ज काढून करतात की. गोंदियाजवळ बिरसीला इंग्रजांनी १९४० मध्ये बांधलेली धावपट्टी आहे. तिथे आज मोठी प्रशिक्षण संस्था चालते, आमच्या गडचिरोलीच्या अगदी शेजारी. जेआरडींच्या मुंबई फ्लाइंग क्लबचं उड्डाण प्रशिक्षणही जुहू सोडून धुळ्याला गेलं. विमानं भरपूर उडतायत. फक्त ती २०० तास भरायला आलेल्या मुलांनी भरलेली आहेत. त्या रांगेत माझ्यासारखा रविवारवाला म्हणजे गर्दीच्या वेळी लोकलमध्ये सायकल घेऊन चढणारा.

हे समजून घ्यायला मी एक साधं गणित केलं. आकडे काल्पनिक आहेत, तत्त्व खरं आहे. समजा एका विमानाचा वर्षाचा ठरलेला खर्च १० लाख: हँगर, विमा, तपासणी. ते विमान वर्षाला ५० तास उडलं तर तासाला २० हजार नुसते उभं राहण्याचे. ५०० तास उडलं तर तासाला २ हजार. इंधन वेगळं, सेस्ना १५२ तासाला वीस-पंचवीस लिटर पितं, आणि ते पंपावरचं पेट्रोल नसतं, एव्हगॅस नावाचं वेगळं असतं. भारत ते आयातच करायचा. इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवून बाजारात आणलं २०२२ मध्ये. तर उडणं महाग होतं ते मुख्यतः विमान उभं राहतं म्हणून. सर्व्हरचंही असंच असतं: एकट्याने घेतला तर परवडत नाही, हजार जणांनी वाटून घेतला की कळतही नाही.

आमच्या झाडीपट्टीला हे शिकवावं लागत नाही. वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर गावोगाव फिरतात. लेव्हल, पडदे, लाइट, नटनट्या, सगळा लाखाचा मामला. कुठल्या एका शेतकऱ्याला परवडेल? पण गावातलं मंडळ नाटक ठरवतं, मंडप टाकतं, तिकीट लावतं, रात्रभर नाटक होतं. हौस भागते आणि कधी शाळेच्या भिंतीलाही पैसे उरतात. क्लब म्हणजे हेच तर असतं. विमानाच्या बाबतीत मंडळ मोडलं आणि कंपनी तेवढी राहिली.

एकट्याने हट्ट केला तर काय होतं, तेही मराठी माणसाने करून दाखवलंय. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि धुळ्याला ते उडालं २०२० मध्ये. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण हा परवडण्याचा मार्ग म्हणून कुणी सांगू नये. यात आयुष्याची अर्धी वर्षं जातात आणि गच्ची लागते.

दिवाळीच्या शेवटच्या दिवसांत आम्ही अहेरीला मामाकडे गेलो. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरचे दोन तुकडे होऊन गडचिरोली जिल्हा झाला, पण आमची नाती जुन्याच जिल्ह्याची आहेत. या जिल्ह्यात कितीतरी वर्षं रेल्वेचं स्टेशन एकच, वडसा. दक्षिणेकडच्या कित्येक पोरांनी रेल्वे पाहिलेली नसते, हेलिकॉप्टर मात्र रोजचं. पोलिसांचं हेलिकॉप्टर गेलं की कुणी वरही बघत नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा वरूनच काय ते. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर पहिली एसटी धावली ती १ जानेवारी २०२५ ला. म्हणजे तिथल्या आकाशात यंत्र आधी आलं आणि जमिनीवर बस नंतर.

मामा झेडपीचा मास्तर. त्याला माझ्या शीटबद्दल बाबांनी सांगितलं होतंच. तो हसायला लागला.

"अबे, मी पण उडलो ना. २०२४ मधे. इलेक्शन ड्यूटीले. मशिना मांडीवर घेऊन."

लोकसभेच्या वेळी आतल्या केंद्रांवर मतदान पथकं हेलिकॉप्टरने नेली होती, त्यात मामा होता. आवाजाने कान बधिर झाले, खाली नुसतं हिरवं, कुठे गाव ते कळत नव्हतं, आणि पोटात गोळा. "पण एक सांगू का," तो म्हणाला, "उतरल्यावर वाटलं, अजून एक चक्कर मारली असती तर बरं झालं असतं. कोणाले म्हणता?"

म्हणजे आमच्या घरात दोघं छोट्या यंत्रातून उडालेत आणि दोघंही सरकारी खर्चाने. एक, कारण देशाला पायलट हवे होते. दुसरा, कारण देशाला मतपेटी पोचवायची होती. त्यांच्या मनाला काय वाटलं याच्याशी त्या खर्चाचा संबंध नव्हता, पण वाटलं मात्र दोघांनाही. बाबा चाळीस वर्षांनी कापडाचा आवाज सांगतात.

याच भागातल्या आश्रमशाळांची मुलं मे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर जाऊन आली. 'मिशन शौर्य' म्हणून सरकारनेच खर्च केला होता. एव्हरेस्ट हा श्रीमंतांचा छंद आहे असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. मोरव्याच्या प्रशिक्षणाची चर्चा झाली तेव्हाही आदिवासी मुलांना पायलट करण्याची गोष्ट पुढे होती आणि मला ती पटते. कर्ज काढणाऱ्या बापांच्या मुलांआधी त्यांचा नंबर लागावा. माझा नंबर त्यांच्या नंतर, हेही मान्य. मला फक्त एवढंच वाटतं की त्या पट्टीच्या कडेला रविवारची एक रांगही असावी. पट्टी छोटी आहे, मोठ्या विमानांच्या कामाची नाही. म्हणून तर राजुरा तालुक्यात मूर्ती गावाजवळ नव्या विमानतळाचा प्रस्ताव आला आणि वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेशी अडला. मोठ्या विमानांना जी पट्टी पुरत नाही ती दोन सीटच्या विमानाला ऐसपैस आहे.

मामाचा मुलगा नववीत. तो इतका वेळ ऐकत होता. "दादा, पोलीस नसला तरी उडवता येते का? साधा माणूस?"

"येतं की. सतरा वर्षं पूर्ण पाहिजेत, दहावी पास."

"आन् पैसे?"

मी त्याला ४० गुणिले १३ हजार सांगितलं. त्याने ते पाटीवर केल्यासारखं हवेत बोटाने केलं, उत्तर बरोबर काढलं, आणि उठून बाहेर खेळायला गेला.

पुण्याला परत आलो. वैद्यकीय तपासणीची तारीख घेतली आहे, तिचे पैसे वेगळे. सगळे ४० तास एकदम करायचे नाहीत, वर्षाला दहा असं ठरवलंय. मध्ये खंड पडला तर आधीचं विसरतं म्हणतात, म्हणजे चाळीसचे पन्नास होणार हेही शीटमध्ये धरलंय. घराच्या डाउन पेमेंटची तारीख तेवढी पुढे गेली. आईला अजून सांगितलेलं नाही. बाबांना फोन केला तेव्हा त्यांनी दर विचारला नाही.

"गेलास की पंखाले बोट लावून पाहाजो," ते म्हणाले. "आता पत्राच असन म्हना."